मेहुण्याने बसवलेला पाइप

ट्रकवाल्यांच्या अड्ड्यावर त्याला सगळे कानसेन म्हणत. गाण्याबिण्याचा कान होता म्हणून नव्हे हो. गाणं लागलं की हा दुसऱ्या कडव्याला घोरायला लागे. पण रस्त्यावरून एखादा ट्रक गेला, की चहाचा कप ओठाशी नेता नेता थांबायचा आणि म्हणायचा, "मागच्या डाव्या चाकाचा नट ढिला आहे याचा." लोक हसायचे. एकदा एका रिकामटेकड्याने पैजेखातर मोटरसायकल काढली, तो ट्रक गाठला, चाकाशी वाकून बघितलं आणि परत येऊन सगळ्यांचा चहा सांगितला. त्या दिवशी नाव चिकटलं ते चिकटलंच.

बायकोचं मत निराळं होतं. ती म्हणायची, "यांना परक्या ट्रकचा नट ऐकू येतो, पण मी घरातून हाका मारून मारून घसा सुकवला तरी त्या वाऱ्यावर!"

"तुझा आवाज रोजचा आहे गं," तो म्हणाला होता. "मला बिघाड झाला की ऐकू येतं."

त्या दिवशी त्याला आपलं ताट आपणच वाढून घ्यावं लागलं.

गाडीही तो कानानेच हाकायचा. इंजिन किती फिरतंय ते दाखवणारा काटा गाडीत होता, पण तो केव्हाच मरून पडला होता आणि त्याला जिवंत करावं असं कानसेनाच्या मनातही आलं नव्हतं. उलट त्या काचेवर त्याने मुलीचा लहानपणचा, पुढचे दोन दात पडलेला फोटो चिकटवला होता. इंजिनाचा सूर चढत जाऊन कानात गोल भरला, की वरचा गिअर. सूर घोगरा व्हायला लागला, की त्याच क्षणी खालचा. हाताचं आणि कानाचं हे परस्पर ठरलेलं होतं. मधे डोक्याला कुणी विचारायला जात नसे.

हे शिकवलं बापाने. बापही जन्मभर ड्रायव्हर. त्याच्या काळी इंजिन केबिनमध्येच असायचं, मांडीला मांडी लावून बसलेल्या पाहुण्यासारखं. त्या पाहुण्याने जाता जाता म्हाताऱ्याचे दोन्ही कान नेले. आता म्हातारा दिवसभर खिडकीशी बसे. त्याच्याशी बोलायचं म्हणजे एकतर खुणा, नाहीतर सगळ्या गल्लीला कळेल अशी आरोळी. त्यामुळे त्या घरात गुपित म्हणून काही राहतच नसे.

कानसेनाचं काम डोंगरावर होतं. वर धरणाची भिंत उभी राहत होती. खालच्या खाणीत खडी भरायची आणि वर नेऊन ओतायची. रस्ता दगडात खोदलेला, एका गाडीपुरता, आणि अर्ध्या चढावर एक वळण असं, की हाताला घडी घालावी. ड्रायव्हर त्याला कोपर म्हणत. कोपरावर एक गाडी बसली, की खालची रांग खाली आणि वरच्या रिकाम्या गाड्या वर, सगळं ठप्प. म्हणून डोंगरावर कुणाची गाडी घ्यायची ते मुकादम पारखून ठरवायचा. गळ्यात शिट्टी, तोंडात शिव्या आणि नजर घारीची, असा तो मुकादम. कानसेनाची गाडी त्याच्या यादीत पहिली. जुनी होती, पण कोपरावर तिने कधी गुडघा टेकला नव्हता.

आणि डोंगराचं काम म्हणजे रोज संध्याकाळी घर. हे सुख काय असतं ते लांबच्या मालावर जाणाऱ्या ड्रायव्हरला विचारा. डोंगर सुटला, तर कानसेनाला लांबचाच माल घ्यावा लागला असता. महिना महिना बाहेर, मुलगी फोनवर मोठी होणार, आणि बहिऱ्या बापाशी तर फोनवरही बोलायची सोय नाही. डोंगर टिकवायचा, एवढंच काय ते त्याचं आयुष्यातलं मागणं.

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, अशी म्हण आहे. इथे घोडं धाडलं मेहुण्याने.

हा मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. मोठा उत्साही प्राणी. त्याने आधी घड्याळं दुरुस्त केली, मग पंखे, मग कोंबड्या पाळल्या. कोंबड्यांनी याला पाळलं नाही. शेवटी हमरस्त्याला एक शेड घेऊन त्याने गाड्यांना सायलेन्सरच्या जागी नवे पाइप बसवायचा धंदा काढला. वेल्डिंगला हात चांगला होता, ते खोटं नाही. गिऱ्हाईक मात्र नव्हतं. मग त्याला दाजी आठवले.

"दाजी, इंजिन म्हणजे माणूसच. तुम्ही नाकाला चिमटा लावून डोंगर चढाल का?"

"मी चढतच नाही. मी बसतो."

"गाडी चढते ना! तिच्या नाकाला चिमटा आहे, हा सायलेन्सर म्हणजे."

"नाक पुढे असतं रे. हे मागचं आहे."

"तेच! मागचं तुंबलं तर माणसाला पुढचा घास तरी जातो का?"

बायकोने हसू दाबलं आणि मग गंभीर होऊन म्हणाली, "त्याचं पहिलं काम आहे हो. घरच्यांनीच पाठ फिरवली तर बाहेरचं कोण कशाला येईल?"

झालं. एका रविवारी गाडीचा जुना सायलेन्सर उतरला आणि केबिनच्या मागे मांडीएवढा जाड, आरशासारखा चकचकीत पाइप आभाळाकडे तोंड करून उभा राहिला. आत जाळी नाही, पडदा नाही. इंजिनातून निघालेला धूर आणि आवाज, दोघांनाही सरळ रस्ता. जुना सायलेन्सर मेहुण्याने फेकला नाही. तो साखळीने शेडच्या दारावर टांगला आणि खाली पाटी रंगवली, "याने गाडीचा गळा दाबला होता."

किल्ली फिरवली, आणि समोरच्या झाडावरचे पक्षी जे उडाले ते त्या दिवशी परत बसले नाहीत. मेहुणा नाचायला लागला. "वाघ आहे दाजी, वाघ!" आणि कानसेनाची छातीही फुगली, का फुगू नये? नुसता पाय टेकवला तरी गाडी अशी गर्जायची, की पाठीवर अख्खा डोंगर घेऊन निघाली आहे.

पहिले काही दिवस मजेत गेले. सपाटीवर रिकामी गाडी हलकी पळायची, मेहुण्याचं म्हणणं तिथे अगदीच पोकळ नव्हतं. पण खडी भरून चढाला लागली, की काहीतरी बिनसायचं. आवाज वाघाचा आणि चाल गोगलगायीची. पाइपातून काळा कुट्ट धूर, पाण्याच्या उष्णतेचा काटा वर आणि डिझेल तर असं पिऊ लागली, की पंपावरचा माणूस कानसेनाला लांबूनच ओळख दाखवायला लागला. एक दिवस ती कोपरावर धापा टाकत टाकत बंदच पडली. चाकाला दगड लावा, पुन्हा सुरू करा, क्लचचा वास सगळ्या डोंगरावर. नाकी नऊ आले.

मागे रांग लागली होती. त्यात तांबड्या रंगाच्या ट्रकचा एक ड्रायव्हर होता, त्याला सगळे तांबड्याच म्हणत. तो खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडला, "वाघ बसला रे! वाघाला पाणी पाजा कुणीतरी!"

कानसेनाने दात खाल्ले आणि कारण शोधायला लागला. आधी डिझेलवर संशय, डिझेल भरायचा पंप बदलला. मग हवेचं फिल्टर नवं घातलं. मग मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीने गाडी अंगणात उभी करून पाय दाबून पाहिला, कान झाकून घेतले आणि म्हणाला, "इंजिन ठणठणीत आहे."

"मग चढत का नाही?"

"इथे कुठे चढ आहे? इथे तर उत्तम चालतंय."

"अरे, उभ्या गाडीला कसला आजार होणार?"

"मग उभीच ठेव," मिस्त्री म्हणाला. त्याला दुसरी गाडी बघायची होती.

इंजिनात डिझेल फवारणारे नोझल काढून धुतले, क्लच तपासला, टायरमधली हवा मोजली, रेडिएटरशी तर भांडणच केलं. दर वेळी वाटायचं, सापडलं. आणि दर वेळी कोपर जवळ आला, की गाडी आपली पहिल्यासारखी गर्जत गर्जत मरायला टेकायची. गर्जणारी गाडी मरते कशी, हेच त्याच्या डोक्यात शिरेना. घोगरी झाली असती तर त्याने केव्हाच खालचा गिअर टाकला असता! पण ती घोगरी होतच नव्हती. घशातला वाघ शेवटच्या श्वासापर्यंत वाघच.

मेहुण्याकडे जाऊन बघितलं.

"पाइप निर्दोष आहे दाजी," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "तुमचं इंजिन दमलंय. इतकी वर्षं गळा दाबलेला, आता एकदम मोकळं झालं तर बावचळणारच. सवय होईल."

"कुणाला? गाडीला का मला?"

"दोघांनाही. नाहीतर असं करू, याहून जाड पाइप बसवू."

कानसेन तिथून उठला तो पाणीही न पिता. घरी येऊन बायकोवर भडकला, "तुझा भाऊ माझा डोंगर घालवणार बघ!"

"आता सगळा दोष माझ्या भावाचा!" बायको म्हणाली. "नाचता येईना, अंगण वाकडं! गाडी काय पाइप ओढतो? मिस्त्रीने सांगितलं ना इंजिन चांगलं आहे?"

"मिस्त्रीला काय कळतंय!"

"मग ओरडताय कशाला? मी इथेच आहे, शेजारी."

मुलगी वहीतून मान वर करून म्हणाली, "बाबा हल्ली नेहमीच ओरडतात."

तेवढ्यात खिडकीतून म्हातारा म्हणाला, "कोण आलंय?" त्याला फक्त सगळ्यांची तोंडं हलताना दिसत होती.

दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा कोपरावर बसली. या खेपेला अशी बसली, की खालून दुसऱ्या गाडीने साखळी लावून मागे उतरवून घ्यावी लागली. वर काँक्रीटचं यंत्र खडीवाचून थांबलं. मुकादम चालत चालत खाली आला, आणि मुकादम चालत आला म्हणजे काय ते ड्रायव्हरांना ठाऊक होतं. त्याने शिट्टी वाजवली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. तेच वाईट.

"कानसेन," तो म्हणाला, "तुझ्या जुन्या गाडीला मी कधी नाव ठेवलं नाही. पण उद्या ही कोपरावर बसली, तर डोंगर बंद. वाघ घेऊन सपाटीवर जा, जिकडे जायचं तिकडे."

रात्रभर त्याला झोप नाही. आणि सकाळी बायकोने नवीनच काढलं. "आज मुलीच्या शाळेत बोलावलंय, मला दिवसभर लागेल. मामंजींना गाडीत घेऊन जा."

"आजच? अगं, आज माझा जीव टांगणीला लागलाय!"

"म्हणूनच घेऊन जा. परवा एकटे होते तर दूध उतू जाऊन भांडं जळलं, शेगडीचा फसफसाट त्यांना ऐकू आला नाही. घरही टांगणीला लावायचं का?"

तर असा बाप शेजारच्या सीटवर बसला. किती वर्षांनी गाडीत बसला होता! त्याने चपला काढल्या, अनवाणी पाय केबिनच्या पत्र्यावर टेकवले, एक पंजा समोरच्या फळीवर ठेवला आणि देवळात बसावं तसा बसला. गाडी सुरू झाली. सगळी गल्ली खिडक्या लावून घ्यायला धावली. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

खाणीत खडी भरून गाडी रस्त्याला लागली. कानसेनाने दुसरा टाकला, तिसरा टाकला. म्हाताऱ्याने मान हलवली. चौथा टाकला, म्हाताऱ्याने "च्" केलं.

"काय झालं?" कानसेन ओरडला.

म्हातारा त्याहून मोठ्याने ओरडला, "घाई कसली आहे तुला?"

"कसली घाई?"

"लग्नाला निघाला आहेस का?"

कानसेनाचं डोकं आधीच तापलेलं. मनात म्हणाला, एक मुकादम, एक मेहुणा, एक मिस्त्री, आणि आता हे. ज्याला कानाशी फटाका फोडला तरी कळत नाही, तो मला गाडी शिकवतो.

चढ सुरू झाला. पाइप गर्जत होता, कानात सूर गोल भरला होता, हात आपोआप वरच्या गिअरकडे जात होता. समोर कोपर दिसायला लागला. मागे तांबड्याची गाडी होती. आरशात त्याचे दात दिसत होते. पण आवाज तर भरगच्च होता, इतका भरगच्च की जोर मावत नाही.

एकदम म्हातारा किंचाळला, "मेली! अरे मेली ती! खाली घे!" आणि त्याने कानसेनाच्या गिअरवरच्या हातावर फाडकन चापट मारली. तीच चापट, जी कानसेन वीस-बावीसचा असताना गाडी शिकवताना मारायचा.

"बाबा! आवाज ऐका तिचा जरा, किती..."

आणि कानसेन तिथेच थांबला. आवाज ऐका म्हणून आपण सांगतो कुणाला?

त्याने बापाच्या पंजाकडे बघितलं. फळीवरचा तो पंजा उडत होता. थरथरत नव्हता, उडत होता, एकेक दणक्यासरशी. कानसेनाने आपलाही हात फळीवर टेकवला. धड... धड... धड. म्हातारीने कमरेवर हात ठेवून एकेक पायरी चढावी तसं इंजिन आत फिरत होतं. कानाला वाघ, हाताला म्हातारी!

त्याने क्लच दाबून तिसरा टाकला. कान म्हणाले, फाटेल रे ती! हात म्हणाला, अजून एक. त्याने दुसरा टाकला. पाइपाच्या आवाजाने डोंगर दणाणला, आणि फळीखालची ती म्हातारी हळूहळू तरणी झाली. धडधड एक झाली, बारीक झाली, सलग झाली. काळा धूर पातळ झाला. गाडीने कोपराला खांदा लावला, अंग वळवलं आणि पुढचा चढ चढायला लागली.

सगळा चढ म्हाताऱ्याने कानसेनाच्या गुडघ्यावर बोटं आपटत नेला. एक टिचकी म्हणजे थांब, दोन म्हणजे खाली घे. शिकवताना असाच नेला होता.

वर पोचेपर्यंत कानसेनाला सगळं उलगडलं, आणि जितकं उलगडलं तितका त्याचा संताप वाढला. मोकळ्या पाइपामुळे इंजिन हळू फिरत असलं तरी जोरात फिरल्यासारखं गर्जायचं. त्याला फसून हा वरचा गिअर वेळेआधी टाकायचा आणि खालचा टाकायला उशीर करायचा. बिचारं इंजिन ओझ्याखाली घुसमटायचं, धूर ओकायचं, तापायचं, डिझेल प्यायचं. पंप चांगला, नोझल चांगले, मिस्त्री खरा, पाइपही आपल्या जागी खरा. बिघडले होते ते ज्यांच्या जोरावर नाव मिळालं ते कान! आणि हे सापडलं कुणाला, तर ज्याला ऐकूच येत नव्हतं त्याला. कारण त्याला फसवायची पाइपाची सोयच नव्हती.

वर मुकादम उभा होता. गाडी खडी ओतून वळली तशी त्याने केबिनच्या पायरीवर चढून कानसेनाचा खांदा थोपटला. "शाब्बास! शेवटी पाइपाने काम केलं म्हणायचं!"

"पाइपाने नाही हो! मी गिअर चुकत होतो..."

"काय?"

"गिअर! आवाजाने फसवलं!"

"हो हो, आवाज तर फस्‌क्लास आहे!" मुकादम ओरडला. म्हाताऱ्याला वाटलं आपलंच कौतुक चाललंय. त्याने दोनदा मान डोलावली. तोवर तांबड्या येऊन पोचला होता. पाइपाला बोटाने टिचकी मारून म्हणाला, "कुठे बसवलास रे? पत्ता दे."

कानसेनाने त्याला गाडीच्या आडोशाला नेऊन, इंजिन बंद करून, अथपासून इतीपर्यंत सांगितलं. "अरे, हा पाइप कान खातो. तू पण कानानेच चालवतोस, कोपरावर बसशील."

तांबड्याने डोळा मारला. "समजलं. घरातली चीज बाहेर जाऊ द्यायची नाही, असंच ना?"

आता काय करावं अशा माणसाचं? डोकं भिंतीवर आपटावं, तर वर भिंतही अजून अर्धीच बांधलेली.

डोंगर राहिला. त्यानंतर कानसेन कानात कापसाचे बोळे कोंबून आणि एक पंजा फळीवर ठेवून गाडी चालवायला लागला. गाडी चढायची, धूर गेला, पंपावरचा माणूस पुन्हा अनोळखी झाला. चालतं आहे ना, मग झालं, असं दुसरा कुणी म्हणाला असता. पण त्याचा तळतळाट जाईना. सर्दी झालेल्या माणसाला पंचपक्वान्नं वाढावीत तशी गत. गाडी चालतेय, पण बोलत नाही. चाक काय म्हणतंय, स्प्रिंगचा पाटा काय म्हणतोय, काही पत्ता नाही. संध्याकाळी बोळे काढले, तरी कानात पाइप चालूच.

आणि घरी एक गोष्ट घडली. तो पाठमोरा बसून भाजी चिरत होता. बायको मागून दोनदा बोलली, उत्तर नाही. तिला वाटलं नेहमीचंच नाटक. मग तिने गंमत केली. अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, तुमच्या गाडीचा नट ढिला आहे."

तो हललाही नाही. भाजी चिरत राहिला.

बायकोची गंमत तिथेच विरली. तिने खिडकीशी बसलेल्या म्हाताऱ्याकडे बघितलं, मग याच्या पाठीकडे बघितलं. पुढे येऊन त्याच्या हातातली सुरी काढून घेतली आणि तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाली, "उद्या माझ्या भावाकडे जायचं. तो पाइप उतरवायचा."

"आणि त्याचा धंदा?"

"त्याला दुसरा धंदा मिळेल. त्याला सवय आहे."

मेहुण्याच्या शेडबाहेर तेव्हा गिऱ्हाईक उभं होतं. कोपर जिंकल्याची बातमी पोचली होती. तांबड्याचा ट्रक तर आदल्याच दिवशी पाइप लावून गेला होता. मेहुणा ऐकायलाच तयार होईना.

"दाजी, तुमची गाडी म्हणजे माझी जाहिरात आहे! लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतात ते मला ऐकूच येत नाही रे आता!"

"तुमचा जुना सायलेन्सर तर माझी पाटी आहे. ती काढली तर दुकान विधवा दिसेल."

"खाली काढ ते," बहीण म्हणाली. एवढंच म्हणाली. पण मोठ्या बहिणीच्या त्या आवाजापुढे त्याने कोंबड्यासुद्धा सोडून दिल्या होत्या. तो शिडी आणायला गेला. तिने मागून सांगितलं, "आणि तो चकचकीत पाइप टांग त्या जागी. लांबून दिसेल. शिवाय तिथे तो तोंडही उघडणार नाही."

काम करताना मेहुण्याचं तोंड एवढंसं झालं होतं. कानसेनाला त्याची दया आली. म्हणाला, "वेल्डिंग तुझं पक्कं आहे, त्यात खोट नाही. सपाटीवर पळणाऱ्यांना बसव हवा तर. पण डोंगरवाला आला, तर आधी त्याचा इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा चालू आहे का बघ. काटा बंद असेल तर पाइप देऊच नकोस."

"तुमचा कुठे चालू आहे?"

"माझ्या काट्यावर मुलगी आहे. तिला हलवायची नाही."

मेहुणा फुरंगटला तो फुरंगटलाच. चहा दिला, पण साखर विसरला. मुद्दाम विसरला असणार.

दुसऱ्या दिवशी खाणीत खडी भरून झाली. रांगेत कानसेनाचा नंबर पहिला, मुकादमाने कालच सांगून ठेवलेलं. त्याने सवयीने कानात कोंबलेले बोळे काढून खिडकीबाहेर फेकले, किल्ली फिरवली आणि डोळे मिटले. जुना आवाज आला. खालचा, जाडसर, घरातल्या माणसासारखा. त्याच्या आत हळूहळू बाकीचे आवाज उलगडायला लागले, अंधारात डोळे सरावावेत तसे. आणि त्यांच्यात एक बारीक, चिवट, "चीं... चीं... चीं."

त्याचा चेहराच पडला. "किती दिवस ओरडते आहेस गं बाई?"

इंजिन बंद करून खाली उतरला, बॉनेट उघडलं. पंख्याचा पट्टा कडेने उसवून दोऱ्या लोंबत होत्या. आज ना उद्या तुटला असता, आणि कुठे तुटला असता ते सांगायला नको. पाइपाच्या गर्जनेखाली तो आठवड्यांपासून रडत होता, कुणी ऐकलं नव्हतं.

"ए कानसेन!" मागून भोंगे सुरू झाले. "पहिला नंबर घेतलास आणि झोपतोस काय?"

त्याने चिडून हात हलवला, पुढे जा म्हणून. आजच, एवढं सगळं करून, नेमका आजच पहिला नंबर जायचा होता! बाजूने तांबड्याचा ट्रक निघाला. नवा पाइप उन्हात लखलखत होता. आवाज असा, की खाणीतले खडे नाचायला लागले. तांबड्याने खिडकीतून हात बाहेर काढला आणि काहीतरी ओरडला. काय ते देवाला ठाऊक.

कानसेन सीटखालून नवा पट्टा काढत होता. काढता काढता त्याचा हात थांबला. मान किंचित तिरकी झाली. डोंगराच्या अंगाने वर जाणारी ती गर्जना तो ऐकत राहिला. पहिला चढ गेला. मोठं वळण गेलं. आता कोपर.

"घे," तो स्वतःशीच म्हणाला. "घे ना खाली. आता घे. अरे, घे रे..."

मग त्याने सुस्कारा टाकला. "उशीर केलास."

वर गर्जना एकदम तुटली. क्षणभर डोंगर गप्प. आणि मग मुकादमाची शिट्टी, लांबलचक, थांबायचं नावच घेईना.

मागचे ड्रायव्हर एकेक करून उतरले आणि कपाळावर हात मारत वर बघायला लागले. कानसेनाने पाना उचलला, बाही वर सारली आणि जुना पट्टा सैल करायला घेतला. आता घाईचं काही कारण नव्हतं.